आप्पांचा नारळ आणि माझा खड्डा

सगळा दोष आप्पांचा.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तळहातावर आडवा नारळ ठेवून शिवार फिरतात. नारळ उभा राहिला की तिथं पाणी! त्यांनी वाडीला इतके कोरडे खड्डे दिलेत, की गुरं मोकळी सोडायची भीती वाटते.

आमची वाडी मार्गासनीच्या वर, कातळावर. पावसाळ्यात भिंतींना शेवाळ, चैत्रात बायका हंडे घेऊन खालच्या ओढ्यापर्यंत. पडलेलं पाणी कातळावर थांबेल कशाला? आम्हाला टाटा करून थेट धरणात जातं.

मी कॉलेज सोडलेला. म्हणजे म्हाताऱ्यांच्या लेखी रिकामटेकडा. हे लोक दिवसभर पारावर बसतात, ते मात्र कामात! त्यांची तोंडं बंद करायला मी वडिलांकडून शेताचा एक तुकडा भांडून घेतला. पोल्ट्री टाकणार होतो. शेडच्या खांबांसाठी खड्डेही खणले.

यंदा पुन्हा देवळापुढं बैठक, पुन्हा नारळ. उभा राहिला तो निव्वळ काळ्या कातळावर. सगळे म्हातारे हात जोडून. आता तुम्हीच सांगा, गप्प बसवेल का?

म्हणालो, "आप्पा, नारळाला डोळं तीन, पर दिसतं का एकानं तरी? कातळ सरून मुरूम लागतो ना, पाणी तितनं पाझरतंय."

"कॉलेज सोडून आलेल्यानं आमाला शिकवू नगं."

झालं! माझं डोकं फिरलं.

"माज्या शेडच्या खड्ड्यात ओल लागलीया. चला, दावतो!"

अख्खी वाडी निघाली. पुढं मी, सेनापतीसारखा. कमरेइतकं खोदलं आणि मुरमातून पाणी सुटलं. गार, गोड! आई ओंजळीनं पाणी प्यायली आणि तिथंच बसून राहिली. मला पोरांनी खांद्यावर घेतलं, गुलाल नाकातोंडात गेला.

आप्पा पुढं आले. "नारळ खोटा, पोरगं खरं. म्या हरलो."

वाडीत आजवर एकही म्हातारा हरला नव्हता!

मग आप्पांनी तोच नारळ खड्ड्याच्या काठावर फोडला. सात दगड मांडून शेंदूर लावला. पाण्याच्या देवता त्या, साती आसरा.

"आसरा परगटल्या. आता हितं चप्पल न्हाई, खरकटं न्हाई. कोंबड्यांची घाण तर न्हाईच न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खांद्यावरून मीही डोलावली, सगळ्यात जोरात.

वाडीला पाणी मिळालं. माझी पोल्ट्रीची जागा गेली.