मधले चार तास

विमानतळावर ज्यांना फार चालवत नाही, त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून एका विमानापासून दुसऱ्या विमानापर्यंत पोहोचवायचं, हे मामांचं काम. खरं तर ते तिथल्या कुणाचेच मामा नव्हते. पण खुर्चीतल्या माणसाला ते इतक्या हक्कानं दटावत, की कुणीतरी एकदा मामा म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. "पाय वर घ्या. वर म्हणजे वर. चाकात गेला तर मला बोलायचं नाही."

या दटावण्यातलं निम्मं एकाच गोष्टीपायी खर्ची पडे. परदेशी जाताना मध्ये विमान बदलायचं असेल, तर दोन विमानांमध्ये चार तास ठेवावेत, असं मामांचं ठाम मत होतं. लोक तासा-सव्वातासाचं तिकीट काढून येत आणि घामाघूम होऊन विचारत, "मिळेल ना हो विमान?"

"मला काय विचारता? तिकीट काढताना विचारायचं होतं," असं मामा म्हणत, आणि म्हणता म्हणता धावतही सुटत. पहिलं विमान हमखास उशिरा येतं. मग पुन्हा सगळी तपासणी, मग पासपोर्टची रांग, मग दुसऱ्या इमारतीकडे नेणारी बस. आणि विमानाचा दरवाजा म्हणाल, तर तो विमान सुटायच्या बराच आधी बंद होतो. हे सगळं ते नुकती ओळख झालेल्या माणसालाही ऐकवत. त्या माणसाला कुठे जायचं असो वा नसो. "यांना नुसतं कसे आहात विचारा, लगेच चार तास हातावर ठेवतात," असं त्यांची बायको म्हणायची.

या मामीची खरी तक्रार मात्र वेगळी होती. नवऱ्याला मनातलं बोलता येत नाही. एकदा तिला ताप चढला, तेव्हा हा गृहस्थ उशाशी येऊन म्हणाला, "दवाखाना सातला बंद होतो." आणि तिच्या चपला दाराशी नीट मांडून ठेवल्या. "त्यातून काय समजायचं ते आपणच समजून घ्यायचं," मामी म्हणायची. "मला सवय झालीय. दुसऱ्याला कुठून कळणार?"

आणि मामांना एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. पुढे लग्न होऊन ती परक्या देशात गेली. तिला सवड नाही, यांना रजा नाही, असं करता करता वर्षं उलटली. आता तिचे गुडघे गेले होते, आणि मुलगा तिला आपल्याकडे बोलावून घेणार होता, आणखी लांब, कायमची. वाटेत विमान बदलायचं होतं ते नेमकं मामांच्या विमानतळावर. आता नाही भेटली तर मग कधीच नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी भाच्याला फोन लावला. लावण्याआधी उगाचच शर्ट बदलला.

"हे बघ, मध्ये चार तास ठेव. नाहीतर पाचच ठेव."

"एवढे कशाला, मामा?"

"तपासणीला रांगा असतात."

मामी समोर उभी राहून हातवारे करत होती, भेटायचंय म्हणा, भेटायचंय म्हणा. मामांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि बस किती वेळानं सुटते ते भाच्याला सांगत बसले.

भाचा गुणी पोरगा. आईला ताटकळत कशाला बसवायचं, असा विचार करून त्यानं दीड तासाचं तिकीट काढलं. मामा सगळ्यांनाच चार तास सांगतो, हे काय त्याला माहीत नव्हतं?

आणि ठरलेल्या दिवशी पहिलं विमान उशिरा आलं. यायचंच होतं. खुर्च्यांची कामं वाटून देणाऱ्या मुकादमबाईंनी ताईच्या खुर्चीवर मामांचं नाव आधीच घातलं होतं. मामा दाराशी खुर्ची धरून उभे होते, जीव नुसता टांगणीला लागलेला. सगळ्यात शेवटी, एका हवाई सुंदरीचा हात धरून, ताई आली.

"किती वाळलास रे," ताई म्हणाली.

"पाय वर घे," मामा म्हणाले, आणि निघाले.

खुर्ची मागून ढकलायची असते. त्यामुळे एवढ्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीचा मामांना दिसत होता तो फक्त पांढरा भांग. तपासणी झाली. पासपोर्टची रांग ओळखीपाळखीनं ओलांडली.

"अरे, जरा पुढे ये ना. तोंड तरी बघू दे."

"पुढून ढकलता येत नाही ताई."

लांबलचक वाटेवर मामांच्या मनात पाप आलं. पाय थोडे जड टाकले तर? विमान चुकेल, पहिल्याच विमानाला उशीर झालाय म्हटल्यावर कुणी आपल्याला बोल लावणार नाही, आणि उद्यापर्यंत ताई आपल्या घरी राहील. किती हळू चाललं म्हणजे पुरे, हेही त्यांना नेमकं ठाऊक होतं. मग डोळ्यांसमोर आईची वाट बघत उभा राहिलेला भाचा आला, आणि मामांनी स्वतःला एक शिवी हासडून चालीला वेग दिला. बसमध्ये शेजारी उभं राहून ते ताईला खिडकीतून इमारती दाखवत राहिले. ती सामानाची. ती पाहुण्यांची. ताई इमारतींकडे बघतच नव्हती.

विमानाच्या दरवाजाशी पोहोचले तेव्हा रांग संपली होती. तिथली मुलगी म्हणाली, "आलात वेळेवर, मामा. दोन मिनिटं आहेत. इथून पुढे मी नेते."

ताईची पावलं पायपट्टीवर नीट ठेवायला मामा पुढे आले आणि वाकले. तेव्हा कुठे दोघं समोरासमोर आले.

"पाच तास ठेव म्हणाला होतास ना?" ताईनं विचारलं.

"हो. म्हणजे काय, की तपासणीला..."

"गप्प बस. मीच पोराला म्हटलं, धाकटा पहिल्यापासून भित्रा आहे, लक्ष देऊ नकोस. भेटायला ठेव म्हणाला असतास ना, तर अख्खा दिवस बसून राहिले असते मी इथं."

मामांच्या जिभेवर बसचं वेळापत्रक आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"ताई, मला तुला भेटायचं होतं," ते म्हणाले. "फार भेटायचं होतं."

ताईनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "एवढं ऐकायला मला म्हातारं व्हावं लागलं बघ," ती म्हणाली. हसू आणि रडू तिला एकदमच आलं.

दरवाजावरच्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि मग शहाण्यासारखी दुसरीकडे बघत राहिली. मामा उठले. त्यांनी खुर्चीची मूठ तिच्या हातात दिली, पण आपला हात काही लगेच काढला नाही.

"सावकाश ने ग," ते म्हणाले. "माझी बहीण आहे."