थळच्या मावशींची गाठ आणि मासळीबाजारातला बर्फ

मंडळी, आज आमच्या लॅबला सुरमईचा वास येतोय आणि मी जाम खूश आहे!

मी अलिबागच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा आणि मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचे, हे माझं काम. ते काप बघूनच डॉक्टर कॅन्सर आहे की नाही ते सांगतात.

आज थळच्या एका मावशींच्या छातीतल्या गाठीचा तुकडा होता, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. काप घेतला की चुरगळायचा. ब्लेड बदललं, तरी तेच! तुकडा संपत चालला होता. तो संपला असता तर मावशींना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली असती.

"अगं थांब, मेण मऊ पडलंय," माझी सहकारी वैशाली म्हणाली.

एसी कालपासून बंद, त्यात ठोकळे थंड करायची प्लेट नेमकी आजच बिघडलेली. वैशालीने भावाला फोन लावला. त्याचा बाजारात मासळीचा धंदा. तो लगेच बर्फाची पेटी घेऊन हजर!

मेणाचा ठोकळा पिशवीत गुंडाळून बर्फावर ठेवला. गार झाल्यावर मशीनचं चाक फिरवलं, तर रिबिनीसारखे सलग काप आले. आम्ही दोघी नाचलोच!

संध्याकाळी डॉक्टर मावशींना म्हणाले, "साधी गाठ आहे."

"म्हंजे कॅन्सर न्हाय?"

"नाही, मावशी."

मावशींनी आधी डोळे पुसले, मग तिथल्या तिथे आम्हा सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं.

तुमच्या घरी असा "साधी गाठ आहे" म्हणणारा रिपोर्ट कधी आला होता? तेव्हा सगळ्यात आधी कोणाला फोन केलात?