सोडू नकोस हं!

बाईंना सायकल येत नव्हती, हे सांगितलं असतं तरी शेजारीपाजारी कुणाला खरं वाटलं नसतं. कारण लेकीला सायकल शिकवली ती बाईंनीच. सीट धरून मागून पळायचं आणि तोंडाने ‘पुढे बघ, पाय मार’ चालू ठेवायचं, याला स्वतःला सायकल यावी लागत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लेक ओरडायची, “आई, सोडू नकोस हं!” बाई म्हणायच्या, “धरलंय गं, धरलंय!” आणि एक दिवस ‘धरलंय’ म्हणता म्हणताच त्यांनी हात काढून घेतला. पोरगी सुसाट गेली. ही थाप सगळेच आईबाप मारतात, तिचं पाप कुणाला लागत नाही.

पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर बाईंना परदेशी शिकायला जायची संधी आली. लहान मुलांना कसं शिकवावं, याचा वर्षभराचा अभ्यासक्रम. सासूबाई म्हणाल्या, “केस पांढरे व्हायला लागले तरी हिच्या परीक्षा संपेनात.” पण बॅग भरली त्यांनीच. “पोरीची काळजी करू नकोस. समोर बसून वाढीन मी तिला.” तेव्हापासून रोज फोनवर बाईंचे ठरलेले दोन प्रश्न असत. जेवलीस का? कोणी वाढलं? “आजीने,” असं उत्तर आलं की बाईंचा घास खाली उतरायचा.

वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीची खिडकी सायकलींच्या शेडकडे उघडायची. गावात जो तो सायकलवर. प्राध्यापक सायकलवर, टपालवाला सायकलवर, आजीबाई सायकलवर आणि त्यांचा कुत्रा पुढच्या टोपलीत. बाई आपल्या चालत जायच्या, आणि ‘चालणं तब्येतीला बरं’ असं वर ऐकवायच्या. पडलो तरी नाक वर!

मग प्राध्यापकांनी वर्गात जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यात कालव्याकाठच्या खेड्यांतल्या शाळा बघायच्या. तिकडे बस जात नाही, सगळे सायकलने जातील. ज्यांना जमणार नाही त्यांनी ग्रंथालयात बसून अहवाल वाचावेत. एक खोली, एक शिक्षिका आणि तिच्यासमोर लहानमोठी सगळी मुलं, अशा त्या शाळा. बाईंची स्वतःची शाळा तशीच होती. तिथे कसं शिकवतात हे डोळ्यांनी बघायला त्या लेकीला सोडून आल्या होत्या. अहवाल काय, घरी बसूनही वाचता आले असते.

शेजारच्या खोलीत त्यांच्याच वर्गातला, पण तिथल्याच देशातला एक मुलगा राहायचा. उंची अशी, की बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव बांबू ठेवलं होतं. बाईंनी त्यालाच पकडला.

“मागून धर. पण सोडायचं नाही. शब्द दे.”

“दिला,” बांबू म्हणाला.

वसतिगृहामागच्या मैदानात रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस नुसती तारांबळ. हँडल एकीकडे, बाई दुसरीकडे. हळूहळू चाक सरळ धावायला लागलं. एका सकाळी मैदानाला अख्खी फेरी झाली, वारा कानांत शिरला, आणि बाईंनी ओळखलं, मेल्याने नक्की हात सोडलाय! आनंदाने त्यांनी मागे वळून बघितलं. बांबू सीट घट्ट धरून, लालबुंद तोंडाने, धापा टाकत पळत होता.

“अरे, अजून धरूनच आहेस? सोडलं का नाहीस?”

“तुम्ही सोड म्हणालाच नाहीत, बाई.”

बाईंनी कपाळावर हात मारला. आता याला काय सांगायचं, की आमच्याकडे शब्द देतात तोच मोडण्यासाठी? इथे तर शब्द म्हणजे शब्द. सोडवून घ्यायचं तेही स्वतःच्या तोंडाने! आणि तोच एक शब्द बाईंच्या तोंडून निघेना. रोज ठरवायच्या, रोज घशाशी येऊन परत जायचा.

शाळा बघायला जायच्या आदल्या सकाळी बाई सायकलवर बसल्या. अर्धी फेरी झाली.

“सोड.”

“नक्की?”

“नक्की काय विचारतोस? सोड म्हणते ना!”

मागे धप धप वाजणारे बूट थांबले. बाई घाबरल्या, पण पाय थांबले नाहीत. चाक थोडं डगमगलं आणि सरळ झालं. फेरी पुरी झाली, दुसरीही झाली, कारण उतरायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्या कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबल्या, आणि तिथे आडव्या पडल्या पडल्याच हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर सगळ्यांच्या शेवटी, पण बाई पोहोचल्या. तिथल्या शाळेत मोठी पोरं धाकट्यांना वाचून दाखवत होती आणि शिक्षिका मागे बाकावर गप्प बसली होती. बाई दिवसभर डोळे भरून बघत राहिल्या.

संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक खो खो हसली. मग म्हणाली, “आई, तू सोडलंस तेव्हा मला कळलं होतं.”

“चल! कसं कळेल?”

“तुझ्या चपला वाजायच्या बंद झाल्या ना.”

“मग मागे का नाही बघितलंस?”

“बघितलं असतं तर तू परत धरायला धावली असतीस.”

बाईंनी मग रोजचंच विचारलं, “जेवलीस का? कोणी वाढलं?”

“माझं मीच. आजी लवकर झोपते, आई. केव्हाचं मीच वाढून घेते.”

“मग रोज ‘आजीने’ का सांगत होतीस?”

“तू म्हणायचीस ना, धरलंय गं, धरलंय. तसंच.”