धायरीपासून लांब

नाताळच्या सुट्टीत तीन दिवस पुण्याला जायचं ठरलं तेव्हा हॉटेल मी शोधलं, आणि शोधताना पहिली अट घातली ती धायरीपासूनच्या अंतराची. बाकीचे लोक स्विमिंग पूल बघतात, नाश्त्याला काय देतात ते बघतात. मी मोबाइलवर नकाशा उघडला, धायरीवर बोट ठेवलं आणि तिथून जास्तीत जास्त लांब काय मिळतंय ते बघत गेले. धायरीला माझा धाकटा भाऊ राहतो. माझं माहेर तेच.

लग्न होऊन मी नागपूरला गेले त्याला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत पुण्यात मी एकदाही हॉटेलात उतरले नव्हते. भाऊ गावात असताना बहिणीने हॉटेलात राहणं म्हणजे चारचौघांत त्याची शोभा करणं, हे काय मला कुणी सांगायला हवं होतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर करत होते.

आमचे हे पक्के नागपूरकर. "काहून जिवाला त्रास करून घेते?" म्हणाले. "जायचं तर भावाच्या घरी जाऊ, नाही तर सरळ चिखलदऱ्याला चल."

"मला पुणं बघायचंय. पर्यटक म्हणून."

"तीस वर्षं मला तेच तर दाखवत आली तू," एवढं बोलून ते पेपरमागे गेले. माझ्यापुढे बोलून उपयोग नसतो हे त्यांना माहीत आहे.

हॉटेल मोठ्या चेनचंच हवं, हेही मी ठरवलं होतं. पेठेतल्या एखाद्या लॉजवर उतरावं तर मालक नेमका भावाच्या वर्गातला निघणार, आणि चावी देता देता विचारणार, "काय ताई, भावाशी वाजलं वाटतं?" पुण्यात कुणी काही मनात ठेवत नाही. चेनच्या हॉटेलात ती भीती नसते. तिथली खोली इंदूरला तीच आणि पुण्याला तीच. पांढरी चादर, चहाची किटली, भिंतीवर कशाचं आहे ते शेवटपर्यंत न कळणारं चित्र. हिंजवडीचं एक स्वस्तात मिळत होतं, सुट्टीत आयटीची मंडळी नसतात म्हणून. पण धायरीहून हिंजवडीला माणूस बायपासने बघता बघता पोचतो. शेवटी विमानतळाच्या पुढे, वाघोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक घेतलं. धायरीहून तिथे यायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. मला सूड घ्यायचा होता, आणि तो मी नाश्त्यासकट बुक केला.

कशाचा सूड, तेही सांगते.

आई शेवटी चौदा महिने अंथरुणावर होती. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, मुलगी नोकरीला परगावी. भाऊ आणि भावजय दोघंही ऑफिसला जाणारी. तेव्हा मीच धायरीला जाऊन राहिले. आईला उठवणं-बसवणं, पुसणं, भरवणं, सगळं केलं, आणि आनंदाने केलं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर, गॅसवाल्याकडे, जिथे तिथे माझ्या पत्त्याचा पुरावा मागायचे. एक दिवस भाऊच म्हणाला, "ताई, तू आता इथलीच झालीस. आधारवर इथला पत्ता घालून टाकू." स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला. सोबत ओळखीचा पुरावा म्हणून माझा पासपोर्ट नेला होता, तो घरी आल्यावर आईच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि विसरून गेले.

मे महिन्यात नागपूरला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आई म्हणाली, "जा गं. आठ दिवसांत मी काही पळून जात नाही." मी गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सातला भावाचा फोन आला. "ताई, आई गेली."

मी म्हटलं, "मी येते. मी आल्याशिवाय तिला नेऊ नकोस."

तो म्हणाला, "थांबतो."

दुपारचं विमान पकडून मी चार वाजता धायरीला पोचले तेव्हा घर धुऊन झालं होतं. आईच्या जागेवर दिवा लावलेला. भाऊ ओल्या डोक्याने भिंतीला टेकून बसलेला. आणि मी दारात उभी, कोपरापर्यंत मेंदी काढलेली. मला आईचे पायसुद्धा दिसले नाहीत. "ऊन फार होतं, सगळे म्हणाले उशीर नको," एवढंच तो बोलला, तेही खाली बघून. मी त्याला म्हटलं, "माझी आई होती ती." त्यावर त्याने मान वर केली नाही.

तेरावं झाल्यावर मी निघाले ती निघालेच. वर्षश्राद्धाला गेले नाही. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या. तो फोन करायचा, मी "हं" आणि "बरं"वर भागवायची. दीड वर्ष होऊन गेलं तरी राग जागचा हलला नव्हता. हॉटेलात राहायचं, तीन दिवस पुणं फिरायचं आणि परत गेल्यावर सहज सांगितल्यासारखं सांगायचं, "आलो होतो की पुण्याला. हॉटेलात होतो." एवढंच मला करायचं होतं.

तर आम्ही पोचलो. दोन वाजले होते. हॉटेलात थंडगार लॉबी, कोपऱ्यात नाताळचं झाड, त्याखाली चकचकीत कागदात गुंडाळलेली रिकामी खोकी. काउंटरवरच्या मुलीने दोघांची आधार कार्डं घेतली, माझं कार्ड दोनदा बघितलं आणि म्हणाली, "सॉरी मॅम, आमच्याकडे लोकल आयडी चालत नाही."

"लोकल म्हणजे?"

"पुण्याचा ॲड्रेस असेल तर रूम देता येत नाही मॅम. पॉलिसी आहे. सरांचं ओके आहे. तुमच्यावर धायरी आहे."

"अहो, मी नागपूरला राहते! आजच विमानाने आलोय आम्ही."

"पण मॅम, तुमचं घर तर इथेच दाखवतंय."

"मी पुण्याची नाही हो!" मी जरा मोठ्यानेच म्हणाले. यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. सासरच्या दहा माणसांना मी तीस वर्षं "आमच्या पुण्यात असं नसतं" ऐकवत आले होते. त्यातल्या एकाने जरी हे वाक्य ऐकलं असतं तरी पेढे वाटले असते.

मॅनेजर आला. फार सभ्य माणूस होता, त्यामुळे भांडताही येईना. बाहेरगावच्या पत्त्याचं दुसरं काही असेल तर खोली तयार आहे म्हणाला. मतदार कार्ड नागपूरला कपाटात, घराला कुलूप. पॅन कार्डावर पत्ता नसतो. "पासपोर्ट आहे का मॅडम? त्यावर नागपूर असेल तर प्रश्नच नाही. फक्त ओरिजिनल लागेल." यांनी तोवर आसपासच्या दोन हॉटेलांना फोन केले. एक भरलेलं होतं, दुसऱ्याने आधी आयडीच विचारला.

पासपोर्ट धायरीला होता. आईच्या कपाटात. भावापासून लांब राहायला जी खोली शोधली, तिच्यात शिरायला भावाचंच दार वाजवायची पाळी आली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणे. माझं नाक तर कापून झालं होतं. मी सोफ्यावर बसून राहिले. यांनी फोन माझ्या हातात दिला.

भावाने पहिल्या रिंगलाच उचलला. "बोल ताई."

"मी पुण्यात आहे. वाघोलीच्या रस्त्याला. हॉटेलात." "माझा पासपोर्ट पाहिजे. आईच्या कपाटात आहे. त्याशिवाय खोली देत नाहीत."

तो म्हणाला, "आणतो."

बुकिंग केल्यापासून मी या बातमीने त्याचं तोंड कसं उतरेल याची कल्पना करत होते. आता तेच तोंड घेऊन तो यायला निघाला होता, आणि मला भीती वाटायला लागली. तो पासपोर्ट देईल, जाईल, आणि मग खरंच मला या गावात कुणी उरणार नाही. सूड म्हणून जे हवं होतं ते पुरतं मिळत होतं. मला ते नको झालं होतं.

दोन तासांनी तो आला. अंगात वडिलांचा तपकिरी स्वेटर, हातात हेल्मेट. केस सगळे पांढरे झाले होते. तो माझ्याकडे आला नाही. सरळ काउंटरवर गेला, पासपोर्ट ठेवला आणि म्हणाला, "ह्या बाहेरगावच्याच आहेत. हा पुरावा. द्या ह्यांना खोली."

असं बोलायला आम्हा पुणेकरांना शिकवावं लागत नाही. वर्मी लागलं. पण लागायलाच हवं होतं, सुरुवात माझी होती.

तो तसाच दाराकडे वळला. तेव्हा हे उठले. "भाऊसाहेब, दोन तास गाडी चालवून आले, चहा तरी घ्या," म्हणून त्याला खांदा धरून माझ्याशेजारी बसवलं आणि स्वतः चहा सांगायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. माझा नवरा कमी बोलतो, पण त्याला कळतं सगळं.

आम्ही दोघं त्या रिकाम्या खोक्यांकडे बघत बसलो. मग माझ्या तोंडून निघालंच. "थांबतो म्हणाला होतास."

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. म्हणाला, "आई गेली तेव्हा मी घरात नव्हतो, ताई."

मला कळेना. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की आईचा हात त्याच्या हातात होता.

"ही माहेरी गेलेली. मी आणि आई दोघंच. सहाला आई उठली, म्हणाली चहा टाक. दूध नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटांत आणतो. खाली दुकानात आदल्या दिवशीच्या मॅचवरून वाद चालला होता. मीही उभा राहिलो. वीस मिनिटं, ताई. वर आलो तर…" त्याने हेल्मेट पायाशी ठेवलं. म्हणाला, "लोक काही म्हणाले नव्हते. घाई मीच केली. तू आली असतीस तर माझ्याकडे बघूनच ओळखलं असतंस. लहानपणी पण ओळखायचीस. आईच्या समोर तू मला विचारलं असतंस, कुठे होतास, म्हणून. ते मला सोसलं नसतं."

राग आला. खोटं कशाला बोलू? चौदा महिने मी तिला एकटीला टाकून खाली भाजीलासुद्धा गेले नव्हते, असं ओठांवर आलं. पण गेले तेव्हा आठ दिवस गेले होते. तो दुकानासमोर उभा होता त्या वीस मिनिटांत मी नागपूरला, सुकलेली मेंदी खरवडत, नणंदांबरोबर हसत होते. ते मला दीड वर्ष खात होतं, आणि मी ते उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, कारण त्याने थांबायचं कबूल करून मोडलं हे सांगायला सोपं होतं.

"मी तरी कुठे होते?" मी म्हटलं. मग विचारलं, "चहा मिळाला का रे तिला?"

त्याने मान हलवली. नाही.

मग मी रडले. लॉबीत, चार लोकांसमोर, नाक पुसायला रुमालसुद्धा न घेता. तोही रडला. काउंटरवरची मुलगी चावीचं कार्ड घेऊन आली होती, ती बिचारी तशीच उभी. "मॅम, रूम रेडी आहे…"

"राहू दे गं," मी म्हटलं. "तुझंच बरोबर होतं. घर इथेच आहे."

हे बॅगा घेऊन टॅक्सीने आले. "नाश्ता गेला बाप्पा," एवढीच त्यांची तक्रार. मी भावाच्या स्कूटरवर मागे बसून अख्खं पुणं ओलांडून धायरीला गेले. भावजयीने दार उघडलं, एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं, आत जाऊन भाकरीचा तुकडा आणला आणि माझ्यावरून ओवाळून टाकला. "या ताई," म्हणाली. मी आईच्या खोलीत झोपले.

सकाळी सहाला जाग आली. भावजय ओट्याशी होती. काल आमच्या येण्याने चहा जास्त झाला, दूध संपलं म्हणाली, आणि मोबाइलवर मागवायला लागली. मी म्हटलं, दुकान तर खालीच आहे. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "हे जात नाहीत ताई. आई गेल्यापासून दूध दारातच येतं. का ते विचारलं तर चिडतात."

भाऊ तिच्या मागे येऊन उभा होता, ते आम्हाला दिसलं नव्हतं. त्याने तिच्या हातातला फोन घेऊन ओट्यावर ठेवला. खुंटीवरची पिशवी घेतली, किल्ल्या घेतल्या, चपला घातल्या. दार उघडून तसाच थांबला.

"ताई, दूध आणायला जातोय. तू आहेस ना घरात?"

"आहे," मी म्हटलं. "जा तू. मी चहाचं आधण ठेवते."