इशारा कळणारा माणूस

आमच्या सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणारे जीवन गायधनी चहाच्या टपरीवर अणुयुद्धाचे तज्ज्ञ होतात. "आपल्याकडे अणुबॉम्ब आहे, एवढा इशारा शत्रूला कळला की झालं! कोण वाकड्या नजरेनं बघणार?" हे रोजचं ऐकवणं.

परवा हवाई हल्ल्याची रंगीत तालीम होती. भोंगा वाजताच सगळ्यांना गोदामात न्यायचं काम साहेबांनी या तज्ज्ञांनाच दिलं. भोंगा वाजला. तज्ज्ञांनी हात धुतले, डबा उचलला आणि शिफ्ट सुटली असं समजून बसच्या रांगेत पहिला नंबर लावला.

आज टपरीवर पुन्हा तेच पुराण. ह्यांना स्वतःच्या कारखान्यातला भोंगा कळला नाही, आणि सीमेपलीकडच्याला म्हणे ह्यांचा इशारा बरोब्बर कळणार!