चिकूवाडीतला इंग्रजी बोलणारा इसम

देशाच्या सागरी सुरक्षेला डहाणू तालुक्यातल्या एका चिकूवाडीतून गंभीर धोका निर्माण झाला होता, ही बाब मी आजवर जाहीर केलेली नाही. आता निवृत्त झालो आहे, पेन्शन सुरू आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. ते प्रकरण आठवलं की माझ्या मानेला अजून खाज सुटते. कारण पुढे येईलच.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. काही संशयास्पद दिसलं तर कळवा, असं आम्ही गावोगावच्या जागरूक मंडळींना सांगून ठेवलेलं असतं. बहुतेक जण काहीच कळवत नाहीत. एक काका मात्र रोज कळवत. एका सकाळी हजेरी चालू असतानाच ते आले आणि खुर्ची ओढून माझ्या कानाशी लागले.

"साहेब, शेजारच्या वाडीत मालकाचा पोरगा दुपारचा एकटा उभा राहून इंग्रजीत बोलतो."

"कोणाशी?"

"तेच तर. समोर कोणी नाय. मोबाईलवर वेळ लावतो नि सांगत सुटतो. ब्रिज, स्टेशन, बीच, सगळं. वेळ झाली की गप. मग परत सुरू."

"तुम्हाला इंग्रजी कळतं?"

"कळत नाय, म्हणून तर संशय आला."

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दुपारी साध्या वेशात सापळा लावला. मी आणि हवालदार एका झाडाआड बसलो. थोड्या वेळाने इसम आला. वय तिशीच्या पुढे, अंगात बनियन. त्याने चिकू उतरवायची जाळीची काठी एका खोडाला टेकवून उभी केली, जाळीवर बापाची टोपी घातली, दोन पावलं मागे सरकला आणि भर दुपारी त्या काठीला अदबीने म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

पुढे त्याने काठीला समुद्रकिनाऱ्याचं वर्णन ऐकवलं. ऐकत राहिलो असतो, पण आमच्या डोक्यावरच्या फांदीला लाल मुंग्यांचं घरटं होतं. माझ्या मानेवर त्यांनी अशी संयुक्त कारवाई केली की योग्य क्षण येण्याआधीच मी ओरडत बाहेर पडलो. इसम ताब्यात आला.

ठाण्यात मात्र त्याची वाचा बसली. नाव विचारलं, घाम. वाडी कोणाची विचारलं, ओठ हलले, आवाज नाही. हवालदार माझ्या कानात म्हणाले, "साहेब, ट्रेनिंग घेतलेला दिसतो."

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. उचलला, तर परिचारिकेच्या वेशातली एक बाई, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी लहान मुलगी.

"साहेब, तुम्ही?" बाई म्हणाली. "मी झरी गावची. कासा गावच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा तुमच्या आरोपींना टाके मीच घालायचे."

ओळख पटली. हा इसम तिचा नवरा. ती नोकरीसाठी मुलीला घेऊन परदेशी गेली होती. त्यालाही तिकडे राहायचं, तर इंग्रजीची परीक्षा पास होणं भाग होतं. लिहिण्या-वाचण्यात तो निघायचा. बोलण्याच्या परीक्षेत दोनदा आपटला होता.

"झाडांशी फाडफाड बोलतो, साहेब. समोर अनोळखी माणूस बसला की दगड. पोरगी आता फोनवर त्याला इंग्रजीतच उत्तरं देते, आणि हा नुसता हसतो. असंच चाललं तर तिला बापाची भाषा कळायची नाय नि बापाला तिची."

"ठीक आहे, बाई. सोडतो त्याला."

"नका सोडू. तुमच्यासमोर भलेभले बोलतात ना? ह्याला बोलता करा. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे."

माणसाला सोडा म्हणून रडणारे नातेवाईक मी हयातभर पाहिले. सोडू नका म्हणणारी ही एकटीच.

मग रोज संध्याकाळी इसम ठाण्यात हजर. आमची एक महिला शिपाई पदवीधर होती, तिने प्रश्न काढले. माझं इंग्रजी कोर्टातल्या साक्षीपुरतं, पण चेहरा अख्ख्या नोकरीत कमावलेला. हवालदार तर "तुझा आवडता पदार्थ कोणता" हे इंग्रजीत अशा सुरात विचारत, की सोनसाखळी चोरानेही कबुली दिली असती. काका पंच म्हणून बसत, कळत नसताना मान डोलावत. पहिल्या दिवशी इसम नुसतं पाणी प्यायला. तिसऱ्या दिवशी नाव सांगितलं. पुढे पुढे तो हवालदारांशी इंग्रजीत वाद घालू लागला आणि जिंकूही लागला. येताना तो चिकू आणायचा. ते मुद्देमाल म्हणून ताब्यात घेऊन त्याच दिवशी नष्ट करण्यात येत.

शेवटच्या संध्याकाळी महिला शिपाईने विचारलं, तुम्हाला कोणाची आठवण येते? तो मुलीविषयी बोलू लागला. ती झोपताना त्याचा कान धरायची, म्हणाला. तिकडे कोणाचा धरत असेल, म्हणाला. मोबाईलवर वेळ संपल्याची घंटी वाजून गेली, तरी कोणी त्याला थांबवलं नाही. काकांनी ह्या वेळी मान डोलावली नाही, आणि काय बोलला ते विचारलंही नाही.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोच, असं आम्हाला नोकरी शिकवते. ह्या प्रकरणाने मला शिकवलं की कधीकधी त्याच्याजवळ सांगण्यासारखं इतकं असतं, की परक्यासमोर ते घशातच अडकतं. ते बाहेर काढायला ओळखीचा धाक लागतो.

तो पास झाला. मुंबईत परीक्षेला समोर परदेशी मॅडम होत्या. सगळ्या प्रश्नांना त्याने ठणठणीत उत्तरं दिली. शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, परीक्षा संपली. तेव्हा हा सवयीने उभा राहिला, हात जोडले आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "म्हणजे सोडलं ना मला? जाऊ घरी?"