बिनपगारी काम

सांडोरच्या मंदाला बी.एस्सी. होऊनही नोकरी मिळेना. बेकारभत्ता सुरू झाला, पण रिकामं बसवेना. म्हणून ती वसईच्या एका लॅबमध्ये बिनपगारी रक्ततपासणी शिकू लागली.

सहा महिन्यांनी भत्ता देणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाने कागद पुढे केला. ‘मी कुठेही काम करत नाही’ या ओळीखाली सही करायची होती. मंदाने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“साहेब, मी लॅबमध्ये जाते. पगार नाही मिळत.”

“मग कशाला सांगतेस? कर सही.”

“काल एका बाळंतिणीचा रक्तगट मी तपासला. ते काम नव्हतं, असं कसं लिहू?”

भत्ता बंद झाला. वडील, नरहरी, दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या सकाळी त्यांनी सायकल काढली.

“बस मागे. कामाला उशीर होईल.”

पगार सुरू व्हायला पुढे दीड वर्ष लागलं.